बजेटातली हवा

आमच्या शाळेत हवा दोन ठिकाणी शिकवली जाते. एक विज्ञानाच्या तासाला आणि दुसरी बजेटाच्या महिन्यात, शिक्षकखोलीत. पहिली मी शिकवते. दुसरी मला शिट्टीने शिकवली.

शिट्टी म्हणजे आमचे खेळाचे सर. मैदानावर असोत वा खोलीत, बोलतात मात्र शंभर मीटरवरच्या माणसाशी. मी नवीन होते तेव्हा प्रयोगशाळेचा मागणी-तक्ता भरत बसले होते, तर हे मागून वाकून बघत म्हणाले, "शंभर परीक्षानळ्या? खरंच शंभरच हव्यात?"

"हो."

"मग सव्वाशे लिहा. मोठ्या बाई पाचवा हिस्सा कापणारच. कापल्याशिवाय त्यांच्या हाताला सही सुटत नाही."

मोठ्या बाई म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिका. त्या कापायच्या, आम्ही फुगवायचो. आम्ही फुगवतो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हालाही. माझ्या सासूबाई अर्धी किंमत मागणार म्हणून आमचा भाजीवाला त्यांना बघूनच दुप्पट सांगायचा, तसलाच हा प्रकार. फसवणूक बिसवणूक कोणाच्या मनातही नव्हती. सव्वाशे लिहायचे, शंभर मिळायचे, प्रयोग पार पडायचे. त्या वरच्या पंचविसांना आम्ही 'हवा' म्हणायचो.

गेल्या वर्षी मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. उंच, शांत, बोलण्याआधी थांबणारा माणूस. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "तुमच्या विभागाला काय लागतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही मागाल ते मी कापणार नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे खरं सांगते. पण तक्ता भरायला बसले आणि हात सवयीने चालला. प्रयोगशाळेला सहा लाख लागत होते, मी साडेसात लिहिले. शिट्टीने आठाचे दहा केले. संगणकवाल्या सरांनी दहाचे साडेबारा. कापणार नाही असं म्हणणारा वरिष्ठ आमच्यापैकी कोणी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे विश्वास कोणाचाच बसला नाही. माणूस सज्जन आहे, पण कापेलच थोडंसं, असं प्रत्येकाने आपापल्या मनात धरलं.

त्यांनी खरंच काही कापलं नाही.

शुक्रवारी दुपारी मधल्या सुट्टीनंतर आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. आम्ही तिघं विभागप्रमुख, हेडक्लार्क आणि चिमणी. चिमणी हे नाव मुलांनी ठेवलेलं, आवाज बारीक म्हणून. (मला मुलं ॲसिड म्हणतात. पाठीमागे. मला ऐकू जातं.) चिमणी वाचनवर्ग घ्यायची. नववीपर्यंत येऊनही अक्षर अक्षर जुळवत वाचणारी मुलं आमच्याकडे कमी नव्हती. वर्गात ती मागच्या बाकावर मान खाली घालून बसत आणि पुढच्या वर्षी शाळा सोडत. चिमणी आल्यापासून त्यातली बरीचशी टिकली होती. माझ्या वर्गातली एक मुलगी, जी प्रश्न वाचायला लावला की रडायची, ती परवा फळ्यावरचा प्रयोग मोठ्याने वाचून मोकळी झाली. मी तिला शाबासकीसुद्धा द्यायला विसरले, इतकी चकित झाले होते.

पण चिमणीचं पद कंत्राटी. दरवर्षी बजेटात मंजूर झालं तरच पुढचं वर्ष. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडून वर्ष होत आलेलं, धाकटी नणंद अजून शिकत होती आणि घराचं भाडं हिच्या एकटीच्या पगारावर.

नव्या सरांनी प्रत्येकाच्या हातात तक्त्याची एकेक प्रत दिली. सही, शिक्का, सगळं झालेलं.

"मी सही केली आणि मग हेडक्लार्कनी बेरीज दाखवली," सर म्हणाले. "पंचावन्न लाख. संस्थेची मर्यादा पन्नासची आहे. पाच काढावे लागतील. वीज, पाणी, डागडुजी यांना हात लावता येत नाही. तुमच्या मागण्या तुम्ही विचार करून लिहिल्या आहेत. मग काढण्यासारखं एकच उरतं."

त्यांनी चिमणीकडे पाहिलं नाही, पण बाकी आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तिचं पद वर्षाला पाच लाखांचं होतं.

"मला हे मुळीच पटत नाही," सर म्हणाले. "म्हणूनच तुम्हा सगळ्यांसमोर बोलतोय. पाच वाजता संस्थेत तक्ता द्यायचा आहे. तोपर्यंत काही मार्ग दिसतोय का कोणाला?"

मार्ग? मार्ग आमच्या तिघांच्या खिशात होता. माझे दीड, शिट्टीचे दोन, संगणकवाल्यांचे अडीच. सहा लाखांची निव्वळ हवा त्या टेबलावर पसरली होती आणि आम्ही तिघं छताचा पंखा बघत होतो. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. शिट्टीला खोकला आला. एरवी त्याच्या खोकल्याने खिडकीतली पाखरं उडतात, त्या दिवशी कसाबसा तोंडातल्या तोंडात खोकला.

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं. सांगणं सोपं नव्हतं. आमच्याकडे या वर्षीच्या आकड्यावरूनच पुढच्या वर्षीचा धरतात. एकदा खाली आलात की खालीच. मी एकटीने सहावर यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि पुढच्या वर्षी कोणी नवा कापणारा आला की माझी प्रयोगशाळा पाचावर. शिवाय पद वाचायला पाच हवेत. माझ्या दीडाने काय होणार? हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं आणि चिमणी जायची ती जायचीच. हा सगळा हिशेब मी त्या खुर्चीत बसून शांतपणे केला. मला स्वतःचा राग येत होता आणि तरीही मी तो करत होते.

"बाई," सर चिमणीला म्हणाले, "तुमच्या पुस्तकांच्या मागणीत काही कमी होईल का? फार फरक पडणार नाही, पण विचारतो."

तिने पुढे सरकून तक्ता पाहिला. वाचनवर्गासाठी गोष्टीच्या पुस्तकाच्या चाळीस प्रती, एवढीच तिची मागणी होती. चाळीस मुलांना चाळीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला हवा भरायला कोणी शिकवलंच नव्हतं. मला शिट्टीने शिकवलं, शिट्टीला त्याच्या आधीच्याने. हिच्या खुर्चीमागे वाकून बघायला कोणाला सवड झाली नव्हती.

"तीस चालतील सर," चिमणी म्हणाली. "काही मुलांना एका पुस्तकात दोघं बसवीन. कडेला बसलेल्याला जरा तिरकं वाचावं लागतं, पण होईल सवय." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे, जो कोणी वर्ग घेईल त्याला करता येईल तसं."

जो कोणी घेईल त्याला! स्वतःची खुर्ची जात असताना ही बाई दहा पुस्तकं वाचवून देत होती, तीही खऱ्या चाळिसातली. माझ्या कानशिलात कोणीतरी मारावी तसं झालं. ॲसिड उगाच नाही म्हणत मला.

"सर, माझ्यात हवा आहे," मी म्हणाले.

सरांना अर्थातच कळलं नाही. "बरं वाटत नाहीये का? खिडकी उघडू?"

शिट्टी हसला आणि मग हसल्याबद्दल ओशाळला. मी सांगितलं. सव्वाशे परीक्षानळ्यांपासून मोठ्या बाईंच्या सहीपर्यंत सगळं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "साडेसात लिहिलेत, सहा लागतात. दीड काढा."

सरांचा चेहरा उतरत गेला, तो बघणं फार अवघड होतं. रागावले असते तर मी भांडले असते.

"दोन," शिट्टी म्हणाला. एवढ्या हळू बोलताना मी त्याला प्रथमच ऐकलं. "दहा नकोत सर. आठात भागतं."

साडेतीन झाले. हेडक्लार्कने पेन्सिलने लिहून घेतलं आणि पेन्सिल तशीच धरून ठेवली. आम्ही सगळे संगणकवाल्यांकडे बघू लागलो.

हे गृहस्थ आमच्यात सगळ्यांत हुशार. ते तक्त्यावर नजर ठेवून म्हणाले, "माझी मागणी आहे ती आहे."

"साडेबारा?" मी विचारलं.

"साडेबारा. यंत्रं जुनी झालीत. तुमच्या नळ्या फुटल्या तर दिसतात मॅडम, माझी यंत्रं आतून मरतात."

"गेल्या वर्षी मोठ्या बाईंनी कापून दहा दिले, तेव्हा कुठली मेली?"

"आवाज खाली ठेवा."

"नाही ठेवत! दहा लागतात हे मला माहीत, यांना माहीत, शिपायाला माहीत. अडीच लाखांच्या हवेपायी एक माणूस घरी बसवणार तुम्ही?"

"आणि पुढच्या वर्षी माझे दहाचे आठ झाले की कोण येणार? तुम्ही?" तेही उठून उभे राहिले. "आज सगळे सत्यवान! इतकी वर्षं काय करत होतात? मला हे लिहायला शिकवलं कोणी?"

शिकवलं होतं मी. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, हीच तर पंचाईत होती. सर आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत होते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत आले होते.

"मॅडम, नका ना," चिमणी म्हणाली. "सरांना लागत असतील. मुलांचेच आहेत ते संगणक." तिचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता, पण ती मनापासून बोलत होती. "माझं मी बघीन काहीतरी."

तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. साडेबारा म्हणाले म्हणजे साडेबारा लागत असतील, एवढं साधं. आमच्या शिक्षकखोलीत अशी दोनच माणसं होती, एक ती आणि दुसरे नवे सर, आणि नेमकी त्यांचीच गठडी वळली जात होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण इथे जळायची पाळी फक्त ओल्यावर आली होती.

संगणकवाले सर खाली बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"अडीच," ते म्हणाले. "काढा अडीच."

हेडक्लार्कने बेरीज केली. एकोणपन्नास, पदासकट. त्याने दुसऱ्यांदा केली, कारण तो हेडक्लार्क होता. एकोणपन्नासच. चिमणीने पदर डोळ्यांना लावला, शिट्टीने शिपायाला चहा आणायला अशी हाक मारली की पलीकडचा वर्ग दचकला, आणि मला इतकं हलकं वाटलं की संगणकवाल्यांनासुद्धा मी "बसा, चहा घेऊन जा" म्हणाले. नवा तक्ता छापला. जुनी प्रत मी पिशवीत कोंबली.

"तुम्ही चला माझ्याबरोबर संस्थेत," सर मला म्हणाले. "पहिलं तुम्ही बोललात."

मी आनंदाने निघाले. संस्थेत यापूर्वी कधी गेले नव्हते. मोठ्या बाई एकट्याच जायच्या.

संस्थेचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या बाकावर इतर शाळांचे मुख्याध्यापक मांडीवर फायली घेऊन बसलेले. आत खजिनदार एका लांब टेबलामागे, समोर लाल शाईचा पेन. आमच्या आधीच्या शाळेचा तक्ता अजून तिथेच पडला होता, त्यावर एक लाल आकडा, खाली सही. त्या लाल आकड्यावरून माझी नजर हटेना. का, ते लगेच कळलं नाही.

खजिनदारांनी आमचा तक्ता उलटा सुलटा पाहिला. "एकोणपन्नास? मर्यादेच्या आत? पहिल्यांदाच बघतोय." ते हसले. "यात हवा किती?"

शब्दसुद्धा तोच! मी सरांकडे पाहिलं.

"काहीच नाही," सर म्हणाले. "प्रत्येक आकडा खरा आहे."

"असं सगळेच म्हणतात हो." खजिनदारांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "मी दहा टक्के कमी करतो. सगळ्यांचेच करतो. तुमच्या मोठ्या बाई पंचावन्न-छप्पन्न आणायच्या, मी एकोणपन्नास-पन्नास द्यायचो, त्या कुरकुरत जायच्या आणि शाळा छान चालायची. तुम्हाला चव्वेचाळीस देतो." मोठ्या बाई आमची हवा तशीच इथे आणायच्या आणि परत येऊन मग कापायच्या, हे मला तेव्हा कळलं.

"मर्यादा पन्नासची आहे," सर म्हणाले.

"मर्यादा आहे म्हणून ताटात पडलंच पाहिजे असं आहे का? चव्वेचाळीस."

"मग एक पद जाईल. साहेब, मी तुम्हाला शब्द देतो, आम्ही दुपारभर बसून—"

"जाऊ दे की. कंत्राटीच आहे ना?" ते खरोखर दुष्ट नव्हते, फक्त कापत होते. "अहो, नवे आहात तुम्ही. कापण्यासारखं काही आणलंच नाहीत तर मी पद कापणार. दुसरं काय कापू?"

पेन कागदावर टेकला. लाल चार उमटला. खरं बोलून झालं होतं, शब्द देऊन झाला होता, सरांजवळ आणखी काही नव्हतं. मला शाळेत परत जाऊन चिमणीला सांगायचं दृश्य दिसलं आणि मी भ्याले. खरंच भ्याले.

"थांबा, चुकीचा कागद दिला गेला," मी म्हणाले. माझा आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. "तो नुसता कच्चा खर्डा आहे. मूळ तक्ता माझ्याकडे राहिला." पिशवीतून चुरगळलेली प्रत काढली, तळहाताने टेबलावर सपाट केली आणि पुढे सरकवली. सही, शिक्का, पंचावन्न लाख.

सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर सगळं संपलं असतं. खजिनदारही त्यांच्याकडेच बघत होते.

"हाच का तुमचा तक्ता?"

सरांनी चुरगळलेल्या कागदावरची आपली सही पाहिली.

"सही माझीच आहे," ते म्हणाले.

"आता कसं! मघाशी मला वाटलं, तब्येत ठीक नाही की काय यांची." खजिनदार खूश झाले. पंचावन्नावर एक झोकदार लाल रेघ, खाली साडेएकोणपन्नास, सही. "घ्या. कुरकुर बाहेर करा."

जिना उतरून खाली आल्यावर सर म्हणाले, "उद्या स्टाफला काय सांगू?"

"मंजूर झालं म्हणून सांगा."

"आणि पुढच्या वर्षी काय लिहायला सांगू?"

माझ्याकडे जे उत्तर होतं ते त्यांनाही ठाऊक होतं.

शाळेच्या फाटकाशी चिमणी उभी होती. सगळे केव्हाच घरी गेले होते. आमचे चेहरे बघून तिचा चेहरा पडला, म्हणून मी घाईघाईने लांबूनच ओरडले, "झालं गं, राहिलीस!"

ती धावत आली. मला मिठीच मारली, आणि सरांसमोर हात जोडून उभी राहिली. "सर, घरी सांगितलं तर यांचा विश्वासच बसणार नाही. मला सगळे म्हणायचे, एवढं सरळ वागून नोकरी टिकत नाही. पण शेवटी खरं बोलल्यानेच झालं ना?"

मी पिशवीचा बंद घट्ट धरला. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हो," ते म्हणाले. "खरं बोलल्यानेच झालं."